कडकबाईची पगारवाढ

तिचं कागदोपत्री नाव हजेरीच्या वेळी काय ते कानावर पडायचं. एरवी लाँड्रीत सगळ्यांच्या तोंडी ती कडकबाई. एक तर तिच्या हातून निघालेली चादर अशी सपाट आणि ताठ असायची, की नवीन आलेल्या मुली विचारायच्या, "ही अंथरायची की भिंतीला टेकवून उभी करायची?" आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. मुकादमापासून मालकापर्यंत कुणालाही ती एका वाक्यात गप्प करायची आणि मग स्वतःच खुदकन हसायची. त्यामुळे समोरच्याला धड रागावताही यायचं नाही.

लाँड्री मोठी होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रक भरभरून यायचे आणि धुऊन, पिळून ढकलगाडीतून तिच्यापुढे येऊन पडायचे. पिंपाएवढा जाड, वाफेवर तापलेला रोलर अखंड फिरत असायचा. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, एक झटका देऊन सुरकुती मोडायची आणि कड एकाच वेळी रोलरखाली सरकवायची. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जायची. फार पुढे गेला की बोटं भाजायची.

दुसऱ्या टोकाला गेली कित्येक वर्षं चिमणी होती. तोंडाची टकळी थांबत नसे म्हणून चिमणी. अंगाने चांगली दणकट होती. रोलरच्या घरघरीत शब्द ऐकू यायचे नाहीत, पण दोघींना एकमेकींच्या ओठांवरून सगळं कळायचं. चिमणीचा नवरा परगावी, पोरं शाळेत, सासू घरात, आणि सासूने काल काय ऐकवलं, हे सारं कडकबाईने अशा ओठांवरूनच वाचलं होतं.

घर जवळच होतं. तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून लोखंडी पलंग, आणि त्या पलंगावर तिचा नवरा. तो रंगारी होता. इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा. एक दिवस परांचीची फळी सरकली आणि तो खाली आला. जीव वाचला, पण मानेखालचं सगळं अंग परकं झालं. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी त्याचं ऐकायची. जीभ मात्र शाबूत होती. कुणी भेटायला आलं आणि तोंड पाडून बसलं की तो म्हणायचा, "अहो, एवढं काय? मी तर बायकोला आजही दोन बोटांवर नाचवतो." आलेला माणूस हसावं की नाही या विचारात पडायचा, आणि आतून कडकबाई ओरडायची, "नाचवतात की! ताल तेवढा चुकतो."

अशा माणसाला एकटं ठेवता येत नाही. दर थोड्या वेळाने त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचेला जखमा होतात, आणि एकदा झालेली जखम महिनोन्महिने हलत नाही. पाणी पाजायचं, पुसायचं, लघवीची नळी बघायची. कडकबाई लाँड्रीत असताना हे करायला सरकारी योजनेतून सेविका यायची. घरात एकच कमावणारं माणूस असेल आणि त्याची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर करांच्या पैशातून अशी सेविका मिळे. त्यांच्याकडे येणारीला सगळे ताईच म्हणत. तिशी ओलांडलेली, उंच, थोडी वाकून चालणारी बाई. रंगाऱ्याला ती बातम्या वाचून दाखवायची आणि प्रत्येक बातमीवर त्याच्याशी वाद घालायची. कडकबाई संध्याकाळी घरी यायची तेव्हा दोघांचं कशावरून तरी जुंपलेलं असायचं. खोलीत भांडण चालू आहे म्हणजे घर ठीक आहे, असं कडकबाई धरून चालायची.

त्या वर्षी किमान वेतन वाढवायचं की नाही यावर सगळीकडे चर्चा सुरू झाली. सरकारने एक समिती नेमली आणि लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली. कामगार संघटनेचा सेक्रेटरी लाँड्रीत आला. "आकडे मी सांगीन," तो म्हणाला, "पण उभं राहून बोलणारं माणूस पाहिजे. लोकांना पटेल असं." सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

सभागृह थंडगार होतं. आधी मालकांचा माणूस बोलला: पगार वाढले तर माणसं कमी करावी लागतील. मग एक प्राध्यापक उठले. सडपातळ, हळू बोलणारे. ते म्हणाले, पगाराचा बोजा एकट्या मालकावर टाकू नका. सगळ्यांकडून कर घ्या, आणि ज्याच्या घरी अडचण आहे त्याला त्या पैशातून थेट मदत द्या. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत नेमकी पोचते ती मदत, पगारवाढ नव्हे. बोलणं सभ्य होतं, पण कडकबाईला ते झोंबलं. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती तिथूनच सुरू झाली.

"मी दिवसभर रोलरपुढे उभी असते. ते काम मालकाचं. मग त्याचे पैसे मालकाने द्यायला नकोत? तो अर्धे देणार, उरलेले तुम्ही करातून देणार, आणि वर मी तुमचे आभार मानायचे? मी भीक मागायला आले नाही साहेब. मला मदत नको, मजुरी द्या!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मागे बसलेल्या चिमणीने तर शिट्टी मारली. टाळ्या ओसरल्यावर प्राध्यापकांनी हात वर केला. "बाई, तुमच्या घरी सध्या योजनेतली काही मदत येते का?"

"येते ना. तुमच्या घरी येत नाही का कुणी भांडी घासायला? तिच्याशिवाय तुमचं तरी कुठे पान हलतं?"

लोक खो खो हसले. प्राध्यापकही हसले. मग त्या गोंधळातच ते आणखी काहीतरी म्हणाले, पण कुणाला ते ऐकू गेलं नाही, आणि अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

कडकबाईला मात्र कळलं होतं. ओठ वाचायची सवय इतक्या वर्षांची. ते म्हणाले होते, "पगार वाढल्यावर त्या मदतीचं काय होईल?"

ती खाली बसली. चिमणीने तिच्या पाठीवर थाप मारली, सेक्रेटरीने हात मिळवला, आणि प्रश्न तिने तिथेच खुर्चीखाली सोडून दिला.

तिचं ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. ताईने ते रंगाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आता घरातही हिला मजुरी द्यावी लागणार. माझ्याकडे तर सुट्टे नाहीत."

काही महिन्यांनी वेतनवाढ झाली. वाढीव पगार पहिल्यांदा हातात आला त्या दिवशी कडकबाईने नवऱ्यासाठी पंखा आणला, मान फिरवणारा. तो पलंगाच्या पायथ्याशी लावला. रंगारी बराच वेळ डोळे मिटून पडला होता. वारा एकदा कपाळावरून जायचा, पुन्हा यायचा. "परांचीवर असा लागायचा," तो म्हणाला. कडकबाई आत गेली आणि उगाचच भांडी लावत बसली.

त्याच महिन्याच्या अखेरीला ताई संध्याकाळी निघताना दारात थांबली. एरवी ती चपला पायात सरकवता सरकवता बोलायची. त्या दिवशी चपला हातातच होत्या.

"मावशी, मला वरून सांगितलंय. पहिल्या तारखेपासून इथे यायचं नाही."

"का? काही चुकलं का आमचं?"

"चुकलं नाही. तुमचा पगार मर्यादेच्या वर गेला."

कडकबाई दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून कार्यालयात गेली. काचेच्या पलीकडची बाई तिच्याकडे बघून हसली. "तुम्हीच ना त्या? मदत नको, मजुरी द्या! आमच्या मिस्टरांनी मोठ्याने वाचून दाखवलं होतं घरात. काय बोललात हो!" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच कौतुक होतं. कडकबाईला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

"कितीने वर गेला माझा पगार?"

"थोड्याशानेच. पण थोडा काय आणि फार काय, मर्यादा ती मर्यादा."

"मग मालकाला सांगते, मला तेवढा कमी द्या."

"किमान वेतनापेक्षा कमी देणं गुन्हा आहे, मावशी. मालकावर केस होईल."

"मग मर्यादा वर न्या. पगार वर गेला, तर मर्यादा तिथेच कशी राहिली?"

"ती दुसरं खातं ठरवतं. पगाराचं खातं वेगळं."

"आणि ती दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत?"

काचेमागच्या बाईने जरा मागे वळून पाहिलं. "एकाच मजल्यावर आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "पण नाही बोलत."

मालक त्या मानाने मोकळेपणाने बोलला. तो काही राक्षस नव्हता. बापाने टाकलेली लाँड्री चालवत होता आणि वाढलेल्या पगाराने तोही ओढाताणीत सापडला होता. "दर कमी करता येणार नाही मला," तो म्हणाला, "पण तास कमी करता येतील. अर्धी पाळी करा. पगार आपोआप मर्यादेच्या खाली येईल आणि तुमची सेविका सुरू राहील."

कडकबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मालक इतक्या चटकन कसा तयार झाला, हे तिच्या मनातही आलं नाही. अर्ध्या पगारात कसं भागवायचं ते नंतर बघू. माणूस तर राखला जाईल.

सोमवारी ती रोलरपाशी आली तर चिमणी आधीच उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. पहिली गाडी संपली, दुसरी संपली. चिमणीने एक शब्द काढला नाही. पाळी संपल्यावर हात पुसत ती कडकबाईसमोर आली.

"मालकाने मलाही अर्ध्यावर टाकलं. रोलर एकट्या बाईने चालत नाही म्हणे. दुपारनंतर दोन नवीन पोरी आणणार आहे."

"मला माहीत नव्हतं गं. शपथ."

"माहीत नव्हतं! सभेत एवढं सगळं माहीत होतं तुला! पगार वाढला म्हणून मी पोराला क्लास लावला. आता त्याला काय सांगू? कडकमावशीचा नवरा आजारी आहे म्हणून तू घरी बस?"

बोलून झाल्यावर चिमणी रडायला लागली, आणि त्यामुळे तिला आणखीच राग आला. कडकबाई तशीच मालकाच्या केबिनमध्ये गेली.

"चिमणीला पूर्ण पाळी द्या."

"मग तुम्हालाही पूर्ण घ्यावी लागेल. दोघी पूर्ण किंवा दोघी अर्ध्या." मालकाने चष्मा काढून डोळे चोळले. "खरं सांगू का बाई? मला अर्ध्याच परवडतात. अर्ध्या पाळीवाल्यांना फंड, विमा असले बाकीचे खर्च लागू होत नाहीत. तुम्ही मागितलं म्हणून मला मार्ग सापडला. पण तुमच्या तोंडावर नाही म्हणायची माझी तयारी नाही. उद्या सकाळी काय ते सांगा."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. छताकडेच बघू शकायचा म्हणा.

"पूर्ण पाळी घे," तो म्हणाला.

"अहो, आणि तुमच्याकडे कोण बघणार?"

"शेजारच्या आजी दुपारी डोकावतील. मी कुठे पळून चाललोय का?"

"नेहमी थट्टा."

"मग काय करू? त्या बाईची पोरं माझ्या पाठीवर बसवायची नाहीयेत मला. आधीच ती दुखते. म्हणजे दुखत नाही, पण समज."

कडकबाई पूर्ण पाळीवर परतली. चिमणीही परतली. आभार मानले नाहीत, पण तिसऱ्या चौथ्या दिवशी तिने स्वतःच्या डब्यातला अर्धा वाटा न विचारता कडकबाईच्या डब्यात ओतला. ताईचं येणं बंद झालं.

शेजारच्या आजींचे हात थरथरायचे. त्या पाणी पाजायच्या, पण एवढा पुरुष त्यांच्याने वळवला जाईना. कडकबाई जेवणाच्या सुट्टीत धावत घरी यायची, त्याची कूस बदलायची, घास भरवायची आणि तशीच धापा टाकत परत जायची. रोलरपुढे उभं राहिलं तरी तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. आता तो डाव्या कुशीवर आहे. आता त्याला तहान लागली असेल. दोनदा बोटं भाजली. चिमणीने ओठांनी विचारलं, काय झालं? तिने मान हलवली.

एकदा घरी आल्यावर तिला त्याच्या नाकाचा शेंडा लाल दिसला.

"हे काय?"

"माशी," तो म्हणाला. "सकाळपासून एकच. कानावरून नाकावर, नाकावरून ओठावर. फुंकर मारून मारून दमलो. मग ठरवलं, बसू दे. तर ती जाईच ना. बोटं दोन आहेत, पण नाकापर्यंत पोचत नाहीत." मग तो म्हणाला, "आज मला ओरडावंसं वाटलं. पण आजी घाबरतील म्हणून नाही ओरडलो."

या बोलण्यात थट्टा नव्हती. कडकबाईने त्याला पुसायला कुशीवर वळवलं आणि तिला वास आला. माकडहाडाच्या वर कातडी निळसर होऊन फाटली होती. कळवून काही होणार नाही म्हणून त्याने सांगितलं नव्हतं, की त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं, हे तिने विचारलं नाही.

जखम भरायला औषध पाहिजे होतं, आणि त्याहून जास्त माणूस. कडकबाई ताईच्या घरी गेली. ताई दारातच भेटली, आणि तिचाही चेहरा उतरलेला होता.

"मावशी, माझंही तुमच्यासारखंच झालं. किमान वेतन वाढलं ते मलाही लागू. पण योजनेला पैसा मिळतो तेवढाच. मग त्यांनी घरं कमी केली. माझी सकाळी लवकरचं एक आणि रात्रीचं एक, अशी दोनच राहिलीत. दर वाढला, काम गेलं."

"मी तुला ठेवते. माझ्या पैशाने."

"कशी ठेवाल?"

दोघी पायरीवर बसल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. ताईला कायद्याने पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं तर कडकबाईचा अख्खा पगार जात होता. कडकबाई म्हणाली, "म्हणजे मी घराबाहेर पडायचं ते तुला पगार द्यायला, आणि तुला पगार द्यायचा तो मी घराबाहेर पडते म्हणून!" ताईला हसू आलं. तिच्या हसण्याने कडकबाईलाही आलं. दोघी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकून बघत राहिला.

मग ताई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी कमी घेईन."

"किती कमी?"

"तुम्हाला जमेल तेवढं. मला रिकामं बसून काय मिळणार आहे?"

"अगं, तो गुन्हा आहे."

"सांगणार कोण? पलंगावरचे काका?"

थंडगार सभागृहात घसा ताणून कडकबाईने ज्याच्या विरुद्ध भाषण केलं होतं, ते हेच होतं. अडलेली बाई, कमी पैसे, आणि देणारा म्हणणार, जमतं तेवढं देतो. तेव्हा ती घेणाऱ्याच्या बाजूला उभी होती. पण घरी पलंगावर जखम होती, आणि जखमेला कायदा कळत नव्हता.

"उद्यापासून ये," ती म्हणाली.

ताई आली. पलंगाच्या खोलीत पुन्हा वाद सुरू झाले. जखम हळूहळू कोरडी पडू लागली. महिना संपला तेव्हा कडकबाईने नोटा ताईच्या हातात ठेवल्या. ताईने न मोजता त्या पर्समध्ये टाकल्या. तिने मोजावं, तोंड वाकडं करावं, निदान 'एवढेच?' असं म्हणावं, असं कडकबाईला फार वाटत होतं. ताई म्हणाली, "काकांची पावडर संपलीय," आणि निघून गेली.

थोड्या दिवसांनी सेक्रेटरी घरी आला. वेतनवाढीचा दुसरा टप्पा होता, आणि त्यासाठी पुन्हा सुनावणी. "तुम्हीच पाहिजे," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "ते वाक्य पुन्हा म्हणायचं. लोकांच्या तोंडी बसलंय ते."

तेवढ्यात ताई मोरीतून पाण्याचं घमेलं घेऊन बाहेर आली. सेक्रेटरीने विचारलं, "या कोण?"

"माझी बहीण," कडकबाईच्या तोंडून निघून गेलं. "मदतीला येते."

ताई घमेलं घेऊन पलंगापाशी गेली आणि टॉवेल पिळू लागली. रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. सेक्रेटरी चहा पिऊन, तारीख सांगून गेला.

दार लागल्यावर ताई म्हणाली, "बरं झालं बहीण म्हणालात ते. बहिणीला पगार द्यावा लागत नाही."

ती थट्टेने म्हणाली की मनाला लावून, हे कडकबाईला कळेना. ताई पाठमोरी होती. ओठ दिसत नव्हते.

"मी नाही जाणार बोलायला," कडकबाई म्हणाली.

"का? जा की. तुमचा वाढला तर बाकीच्यांचाही वाढेल. माझीही ती दोन घरं आहेतच."

"आणि इथलं?"

"इथलं काय, चाललंय," ताई म्हणाली, आणि काकांची टाच पुसू लागली.

कडकबाई सुनावणीला गेली. या वेळी मागून शिट्टी वाजण्यासारखं काही ती बोलली नाही. ती म्हणाली, पगार वाढवाच, आमच्या हाडांची किंमत आहे ती. पण पगार एका हाताने देताना मदत दुसऱ्या हाताने काढून घेऊ नका. ती मर्यादाही वर न्या. एकदम तोडू नका, पगार वाढेल तशी थोडी थोडी कमी करा. आणि सेविकांचा पगार वाढवता, तर योजनेला तेवढा पैसाही द्या. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्याला तुमचं कुठलं खातं कुठलं ते माहीत नाही.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपल्या भावना पोचल्या," ते म्हणाले. "पण ही समिती फक्त वेतनाची आहे. मदतीचा विषय आमच्याकडे येत नाही. वेतन वाढवावं असंच आपलं म्हणणं आहे ना? तेवढं लिहून घेतो."

सगळे तिच्याकडे बघत होते. मागच्या बाकावर चिमणी होती, लाँड्रीतल्या इतर बायका होत्या. नाही म्हटलं तर त्यांच्या पगारावर पाणी. हो म्हटलं तर तेवढंच लिहिलं जाणार.

"हो," कडकबाई म्हणाली.

बाहेर आल्यावर सेक्रेटरी कुरकुरला, "ते जुनं वाक्य टाकलं असतंत तर बातमी झाली असती." बातमी झाली नाही. पण दुसरी वाढ मिळाली, पहिलीपेक्षा लहान. मर्यादा आहे तिथेच राहिली. कार्यालयातल्या त्या बाईने कळवलं, की प्रस्ताव गेला आहे. कुठे गेला, ते तिलाही सांगता आलं नाही.

त्या वाढीतली पै न् पै कडकबाईने ताईच्या पगारात घातली. तरी कायद्याने द्यायला हवं तेवढं होईना, कारण कायद्याचा आकडाही तेवढाच पुढे सरकला होता. ताईने या वेळीही नोटा मोजल्या नाहीत. फक्त जाताना म्हणाली, "जास्त दिलेत." कडकबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लाँड्रीत तिची जीभ हल्ली कमी चालते. नव्या मुली तिला मुकादमाशी भांडायला पुढे करतात. ती जाते, भांडते, पण मग हसत नाही. मालकाने दुपारच्या अर्ध्या पाळ्या इतर मशीनवर सुरू केल्याच. चिमणी तिला अजून तिच्या सासूच्या गोष्टी सांगते. ताईचं काय ठरलंय, हे मात्र कडकबाईने चिमणीलाही सांगितलेलं नाही.

रंगाऱ्याची जखम भरली. तिथली कातडी पातळ आणि चकचकीत आहे, जरा दुर्लक्ष झालं की पुन्हा फाटेल अशी. रविवारी ताई येत नाही. तेव्हा कडकबाई एकटीच त्याच्या खांद्याखाली एक हात घालते, कमरेखाली दुसरा, आणि एक झटका देऊन त्याला आपल्याकडे वळवते. कालच्या रविवारी तो तिच्या दंडात तोंड घालून म्हणाला, "ताईला जास्त देता येत नाही का गं?"

"नाही."

"आणि तिच्याशिवाय भागवता?"

"तेही नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीमागे उशी लावू लागली.